पुठ्ठ्याचे स्टेशन आणि चिकाटीचे रूळ

छंद हा शब्द निघाला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, "त्यातून मिळणार काय?" प्रश्न चुकीचा नाही. महिन्याच्या वीस तारखेपासून ज्यांना उरलेल्या नोटा मोजाव्या लागतात, त्यांनी प्रत्येक गोष्टीचा हिशोब विचारलाच पाहिजे. आम्हीही खर्डेघाशी करणारे. जमा आणि खर्च या दोन बाजू जुळल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तरीही आज आम्ही वाचकांना अशा एका छंदाची ओळख करून देणार आहोत की ज्याच्या जमेच्या बाजूला रुपये दिसत नाहीत. पण गणित, सुतारकाम, वीज, चित्रकला, इतिहास आणि माणुसकी एवढ्या रकमा मात्र मांडाव्या लागतात. हा छंद म्हणजे छोट्या प्रमाणात हुबेहूब रेल्वे उभारण्याचा. इंग्रजीत याला मॉडेल रेल्वे म्हणतात, अमेरिकेत मॉडेल रेलरोड.

रेल्वे आपल्याला परकी नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात कोणी वर्कशॉपमध्ये फिटर असतो, कोणी गँगमध्ये खडी भरून निवृत्त झालेला असतो, कोणी सांधेवाला होता. कित्येकांची घरे रुळांच्या इतकी जवळ की गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. गाडी कशी चालते, सांधा कसा बदलतो, सिग्नल पडल्याशिवाय गाडी का हलत नाही, हे आपल्या मुलांना पुस्तकात वाचावे लागत नाही. म्हणूनच जगभरातले लोक हीच गोष्ट टेबलावर कशी उभी करतात, हे जाणून घ्यायला आपल्याला अधिक गोडी वाटावी.

खेळण्यापासून शास्त्रापर्यंत

जर्मनीतील गॉपिंगेन या गावी मेर्क्लिन नावाचा खेळण्यांचा कारखाना १८५९ पासून आहे. या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत एक नवी कल्पना मांडली. तोपर्यंत खेळण्यातली आगगाडी एकदाच विकत घ्यायची आणि ती मोडेपर्यंत खेळायची. मेर्क्लिनने रुळांची रुंदी ठरवून टाकली आणि रुळांचे तुकडे सुटे विकायला काढले. या वर्षी इंजिन आणि चार रूळ, पुढच्या वर्षी एक डबा, त्याच्या पुढच्या वर्षी एक सांधा. घर जसे थोडेथोडे करून उभे राहते तशी रेल्वेही वाढू लागली.

लंडनमध्ये १९१० साली मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला. तो आजही चालू आहे. अमेरिकेत मंदीचा काळ चालू होता, कामधंदे बंद पडले होते, अशा वेळी जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरातून अल काल्मबाख या गृहस्थांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केले. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, त्याच शहरात छांदिष्टांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापली. संघटनेचे पहिले काम कोणते, तर मापे ठरवणे. एका कंपनीचे चाक दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालेना, एकाचा डबा दुसऱ्याच्या डब्याला जोडता येईना, अशी स्थिती होती. चाकाची कड किती जाड, दोन रुळांत अंतर किती, हे सर्वांनी मिळून ठरवले आणि मगच एकाची गाडी दुसऱ्याच्या घरी धावू लागली. संघटना कशासाठी असते, याचे हे साधे उदाहरण आहे.

प्रमाणाचा हिशोब

या छंदाचा प्राण म्हणजे प्रमाण. आगगाडीसारखे दिसणारे काहीतरी करायचे नसते. खऱ्या वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागायचे असते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण एचओ या नावाने ओळखले जाते. ते १:८७ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर होतात. फुटांचा हिशोब याहून सोपा : खरा एक फूट म्हणजे येथे साडेतीन मिलिमीटर. ब्रिटनमध्ये ओओ हे प्रमाण चालते, त्यात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. जागा कमी असणारे एन प्रमाण घेतात, ते १:१६०.

आता आपल्या ओळखीची उदाहरणे घेऊ. साडेपाच फूट उंचीचा माणूस एचओ प्रमाणात १९ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही लहान होतो. दहा बाय बाराची खोली साडेतीन बाय सव्वाचार सेंटिमीटर होते; काड्यापेटीपेक्षा थोडी लहानच. आपल्या मेल-एक्सप्रेसचा जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब, तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. आणि बारा डब्यांची लोकल? ती जवळजवळ तीन मीटर भरते. दहा फुटांच्या खोलीत ती भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती उभी राहील, धावायला जागा उरणार नाही! मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर या प्रमाणात सव्वादोन किलोमीटर होते.

येथेच छांदिष्टाची खरी परीक्षा असते. इमारती आणि डबे प्रमाणात करता येतात, पण अंतरे प्रमाणात ठेवता येत नाहीत. म्हणून बारा डब्यांऐवजी चार-पाच डबे, दोन स्टेशनांमधल्या वीस मैलांऐवजी एक बोगदा आणि एक पूल, अशी निवड करावी लागते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ज्याला कळते त्याची रेल्वे पाहणाऱ्याला खरी वाटते.

आणखी एक गंमत. जगातल्या अनेक देशांत रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे एचओ रूळ बरोबर तेवढेच असतात. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर मात्र १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस. त्यामुळे भारतीय गाडी साडेसोळाच्या रुळावर चालवायची तर वरचा डबा ऐसपैस आणि खालचे रूळ थोडे आखूड, अशी तडजोड होते. ज्यांना ती तडजोड मान्य नसते ते स्वतःच्या हाताने रूळ ठोकतात.

लाकडापासून डोंगरापर्यंत

अशा रेल्वेच्या संपूर्ण मांडणीला लेआऊट म्हणतात. लेआऊट एका दिवसात होत नाही, एका वर्षातही क्वचितच होते. पहिले काम सुताराचे. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला पाय, वर प्लायवूड. पाया डुगडुगता असेल तर पुढे सगळेच घसरते. त्यावर बुचाची पट्टी चिकटवायची, म्हणजे गाडीचा आवाज कमी होतो आणि रुळाखाली खडीचा उंचवटा असल्यासारखे दिसते. त्यावर रूळ. रुळांचे सांधे नखाने तपासावे लागतात. नखाला जे अडकते ते चाकालाही अडकते.

मग चढ. खाली एक लाइन आणि वर दुसरी लाइन न्यायची तर सात-साडेसात सेंटिमीटर उंची लागते. आपल्या कर्जत-लोणावळा घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. टेबलावर तोच चढ ठेवला तर साडेसात सेंटिमीटर चढायला पावणेतीन मीटर लांबी लागेल. घाई करून चढ उभा केला तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरतात आणि डबे मागे ओढतात. खऱ्या घाटात मागून इंजिने का लावतात, हे शाळकरी मुलालाही येथे एका मिनिटात समजते.

विजेचे काम जपून करायचे. रुळांत साधारण बारा व्होल्टचा सौम्य प्रवाह सोडतात. घरातली वीज ट्रान्स्फॉर्मरने कमी करून घेतात, आणि ते काम जाणकाराचे, मुलांचे नव्हे. जुन्या पद्धतीत रुळांचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळे बटण असे. १९९० च्या दशकात प्रत्येक इंजिनात छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवण्याची पद्धत सर्वमान्य झाली. त्यामुळे एकाच रुळावर उभी असलेली दोन इंजिने वेगवेगळ्या हुकमाने चालवता येतात.

यानंतर निसर्ग. जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, की झाला डोंगर. गवतासाठी पूर्वी लाकडाचा भुसा रंगवून वापरत. तारा पिळून किंवा वाळलेल्या रानझाडांचे तुरे घेऊन झाडे करतात. आणि शेवटी काजळी! नवे कोरे चकचकीत इंजिन पाहून जाणकार नाक मुरडतात. खऱ्या यार्डात तेल सांडलेले असते, छपरावर धूर बसलेला असतो, पत्र्याला गंज चढलेला असतो. हे सारे खडूची पूड आणि पातळ शाई यांनी आणायचे असते. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला या कामासाठी कोणाला विचारावे लागणार नाही.

पुसले जाणारे गाव

रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. ऑक्सफर्डजवळच्या व्हाइट हॉर्स खोऱ्यातली खेडी त्याने पाहिली. गवताने शाकारलेली घरे, वाकड्यातिकड्या भिंती, परसातल्या बागा. पण त्याच्या डोळ्यांदेखत ही घरे बदलत होती. गवताचे छप्पर काढून पत्रे घातले जात होते. जुने पाडून नवे बांधले जात होते. गावकऱ्यांना त्यात दोष देता येणार नाही. गळके छप्पर कोणाला हवे असते? पण हे सारे नाहीसे होण्यापूर्वी कोणीतरी मापून ठेवले पाहिजे, असे रॉयच्या मनाने घेतले.

मग तो खेडोपाडी हिंडून घरांची मापे घेऊ लागला, छायाचित्रे जमवू लागला, आणि एकेक घर चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात पुठ्ठ्याचे उभे करू लागला. भिंतीवरची वीट न् वीट कोरायची आणि जलरंगाने वेगवेगळी रंगवायची. छपरासाठी नळकाम करणारे वापरतात तसला तागासारखा धागा. एकेका घराला शेकडो तास लागत. त्याने १९५४ साली लाँग विटनहॅम या गावी एक जुनी जागा घेतली आणि तेथे पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. इतरही छांदिष्ट येऊन मिळाले. १९९५ साली रॉय इंग्लंड वारला, पण काम थांबले नाही. स्वयंसेवक आजही तेथे घरे करीत आहेत. खेड्यांच्या मधून छोटी आगगाडी धावते, पण पाहणारे मुख्यतः घरेच पाहत राहतात. त्या भागातले मूळचे घर बदलले, कोठे पडले, तरी ते कसे होते हे पेंडनमध्ये पाहता येते.

याच संग्रहालयात जॉन आहर्न यांची 'मॅडर व्हॅली' ही मांडणीही जपलेली आहे. आहर्न हे लंडनच्या विमाव्यवसायातले, म्हणजे आमच्यासारखेच कागदावर आकडे लिहिणारे. १९३० च्या दशकात त्यांनी हे काम सुरू केले. त्या काळी बहुतेकांचे लक्ष फक्त इंजिनाकडे असे. आहर्न यांनी स्टेशन, गाव, दुकाने, ओढा आणि माणसे यांना इंजिनाइतकेच महत्त्व दिले. छोट्या इमारती कशा बांधाव्यात यावर त्यांनी पुस्तकही लिहिले आणि आपल्याला जे जमले ते सर्वांना सांगून टाकले.

हाती आलेले वाटून टाकणे

सांगून टाकणे हा या छंदाचा मोठा गुण आहे. प्लास्टरला भेग का पडली, सांध्यावर गाडी का उतरली, खिडकीच्या काचेसाठी काय वापरले, हे सगळे एकमेकांना दाखवले जाते. काम अर्धवट असतानाच दाखवतात, म्हणजे दुसरा वेळेवर सुचवू शकतो. मासिकांत पूर्ण झालेल्या मांडणीइतकेच अर्ध्या कामाचे फोटोही छापले जातात.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठीही तोड निघाली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील छांदिष्टांनी एन-ट्रॅक नावाची पद्धत काढली. प्रत्येकाने घरी दोन फूट रुंद आणि चार फूट लांब एवढाच तुकडा करायचा. मात्र त्याच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच आले पाहिजेत. मधे डोंगर करा, गिरणी करा, नदी करा, ज्याची त्याची मर्जी. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे आपापला तुकडा घेऊन येतात, जोडतात, आणि पलंगाखाली मावणाऱ्या तुकड्यांची मिळून सभागृहभर रेल्वे होते.

अमेरिकेतील एमआयटी या प्रसिद्ध तांत्रिक विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्यातल्या काही जणांना डोंगर-झाडांची आवड, तर काहींना टेबलाखालच्या तारांची. टेबलाखालच्या मंडळींनी टेलिफोनचे जुने रिले जोडून सिग्नल आणि सांधे चालवणारी मोठी गुंतागुंतीची यंत्रणा केली. पुढे विद्यापीठात संगणक आल्यावर हीच मुले रात्र-रात्र त्यावर बसू लागली. आज 'हॅकर' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा संगणकाशी संबंध जुळण्यात या क्लबच्या बोलीचा मोठा वाटा आहे. आगगाडीच्या खेळातून संगणकाचे जाणकार घडले, हे मुलांना अवश्य सांगावे.

कॅलिफोर्नियातच मॉन्टेरे येथे जॉन अ‍ॅलन नावाचे छायाचित्रकार राहत होते. त्यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक. त्यांनी घराच्या तळघरात 'गॉर अँड डॅफेटिड' नावाची काल्पनिक रेल्वे उभारली. डोंगर जमिनीपासून छतापर्यंत गेलेले. पाहणारा त्या डोंगरांच्या मधून चालत असे. जुनाट, धुरकट, गंजलेले जग हुबेहूब कसे दाखवावे हे त्या पिढीने अ‍ॅलनकडून शिकून घेतले. मित्रमंडळी ठरलेल्या दिवशी जमत. कोणी ड्रायव्हर, कोणी यार्डमास्तर, आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालत. माणूस गमत्याही होता. शंटिंगसाठी त्याने रुळांवर इंजिनाऐवजी एक डायनोसॉर ठेवला होता! जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले, आणि अवघ्या दहा-बारा दिवसांत त्या घराला आग लागून ती रेल्वे जळाली. वीस वर्षांची मेहनत राख झाली. तरीही आज पन्नास वर्षांनंतर जगातले छांदिष्ट ती ओळखतात, कारण अ‍ॅलन यांनी आयुष्यभर फोटो काढून आणि लेख लिहून आपले काम लोकांपुढे ठेवले होते. स्वतःपाशीच ठेवले असते तर ते त्या आगीबरोबर संपले असते.

एका रात्रीचा विध्वंस

मे २०१९ ची गोष्ट. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात स्टॅमफर्ड नावाचे गाव आहे. मार्केट डीपिंगच्या मॉडेल रेल्वे क्लबने तेथील एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन मांडले होते. ठिकठिकाणचे छांदिष्ट आपापल्या मांडण्या घेऊन आले होते. सर्व लावून झाले, सभागृहाला कुलूप लागले, दुसऱ्या दिवशी सकाळी लोक यायचे होते. रात्री काही पोरे आत घुसली आणि त्यांनी सगळे तुडवून टाकले. सकाळी दार उघडले तेव्हा इंजिने चेपलेली, घरे पायदळी गेलेली, टेबले उलथलेली. मोडलेल्या कामांमागे काहींची वीस-पंचवीस वर्षे होती. वयस्क माणसे तेथेच रडली.

अशा वस्तूंची किंमत विमा कंपनीला सांगता येत नाही. इंजिन पुन्हा विकत मिळेल. पण निवृत्त माणसाने थरथरत्या हाताने कापलेल्या खिडक्या कोणत्या दुकानात मिळणार?

क्लबने मदतीसाठी आवाहन केले. अपेक्षा किती केली, तर पाचशे पौंडांची. थोड्याच दिवसांत जगभरातून एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. गरीब छांदिष्टांनी पाच-पाच, दहा-दहा पौंड पाठवले. प्रसिद्ध गायक रॉड स्टुअर्ट यांनी दहा हजार पौंड दिले. त्यांना ही कळ जाणवण्याचे कारण होते. ते स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ युद्धोत्तर अमेरिकन शहराची एचओ प्रमाणातली मोठी मांडणी करीत होते. गाण्याच्या दौऱ्यावर असतानाही हॉटेलात जास्तीची खोली घेऊन ते इमारती जोडत. लंडनच्या ज्या घरात ते वाढले त्या घरासमोरून रेल्वे जात असे. लहानपणी वडिलांकडे त्यांनी खेळण्यातले स्टेशन मागितले आणि वडिलांनी गिटार आणून दिली, असे ते सांगतात. गिटारने नाव मिळाले, पण स्टेशनाची हौस काही मेली नाही.

पोरे पकडली गेली. ती जेमतेम सोळा वर्षांची होती. न्यायालयाने त्यांना भरपाई भरायला लावली. आम्हाला मात्र त्या भरपाईपेक्षा एक विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाने कधी स्वतःच्या हाताने एक भिंत चिकटवली आहे, एक दार कापले आहे, त्याचा पाय दुसऱ्याच्या कामावर सहजासहजी पडणार नाही. हातांना घडवायला लावले की ते मोडायला कचरतात. आपल्या वस्त्यांत तरुण मुलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यावर विचार करावा.

हॅम्बुर्ग आणि कोथरूड

आज जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात, जुन्या गोदामांच्या इमारतीत आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ती उभारली. फ्रेडरिकला २००० साली झुरिचमध्ये खेळण्यातल्या रेल्वेचे दुकान पाहून कल्पना सुचली आणि ऑगस्ट २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आता तेथे १६ किलोमीटरपेक्षा जास्त रूळ आहेत. दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते आणि लाखो बारीक दिवे लागतात. २०११ पासून विमानतळही आहे. विमाने खरोखर धावपट्टीवरून उडताना दिसतात. पण आमच्या मनात भरली ती वेगळीच गोष्ट. वर्षाच्या काही दिवसांत, विशेषतः जानेवारीत, ज्याला तिकीट परवडत नाही त्याने खिडकीवर तसे नुसते सांगायचे. पुरावा मागितला जात नाही, आणि त्याला फुकट आत सोडतात. गरीब माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी खिडकी जगात फार ठिकाणी नाही.

हॅम्बुर्ग आपल्याला दूर आहे, पण पुणे दूर नाही. कोथरूडमध्ये भाऊ जोशी या रेल्वेवेड्या गृहस्थांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे. एचओ प्रमाणातले एक संपूर्ण शहरच तेथे आहे. वाफेची, डिझेलची, विजेची अशा तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या सिग्नलच्या इशाऱ्यावर धावतात, आणि खेळ संपता संपता शहरावर रात्र उतरून दिवे लागतात. पुण्याला लग्नकार्यासाठी गेलात तर मुलांना घेऊन अर्धा तास तेथे काढावा.

आपल्या घरात काय करता येईल?

आता खर्चाची बाजू. परदेशी बनावटीचे एक चांगले इंजिन दीड-दोनशे पौंडांना पडते. ती आपली वाट नव्हे. पण आम्ही वर पाहिले की पेंडनची घरे पुठ्ठ्याची आहेत. या छंदातला इमारतींचा भाग जवळजवळ फुकट होतो. जुन्या वह्यांची पुठ्ठ्याची पाने, बुटांचे खोके, फेविकॉल, पोलादी पट्टी, पाते, जलरंग आणि जुनी दिनदर्शिका एवढे भांडवल पुरे. पाते मोठ्या माणसाने हाताळावे.

पहिले काम म्हणून आपल्या ओळखीचे एखादे छोटे स्टेशन घ्यावे. तेथे जाऊन पावले मोजावीत. आपल्या पावलाची लांबी आधी टेपने मोजून ठेवली म्हणजे झाले. समजा इमारत ४० फूट लांब, १६ फूट रुंद, १२ फूट उंच भरली. प्रत्येक फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले की लांबी १४ सेंटिमीटर, रुंदी ५.६ आणि उंची ४.२ सेंटिमीटर येते. सात फुटांचे दार अडीच सेंटिमीटरला थोडे कमी. कागदावर चारही भिंती आखाव्यात, दारे-खिडक्या भिंत सपाट असतानाच कापाव्यात, रंगही तेव्हाच द्यावा, आणि मग कोपरे जोडावेत. कोपऱ्यात आतून काडीचा टेकू दिला की भिंत वाकत नाही. छपराची कौले जाड कागदाच्या पट्ट्या कातरून एकावर एक चिकटवल्या की होतात. सातवीतल्या मुलाचे गुणोत्तर-प्रमाण यातून पक्के होते.

दुसरे काम याहून मोलाचे. मुंबईच्या बीडीडी चाळी, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या, आता पुनर्विकासात एकामागून एक जात आहेत. गिरणगावातल्या चिमण्या तर आधीच बहुतेक गेल्या. नव्या घरांत स्वतंत्र संडास आहे, हवा आहे, उजेड आहे. जुन्या खोलीसाठी कोणी अश्रू ढाळावेत असे आम्ही म्हणत नाही. पण आपले आईबाप कोठे राहिले, एवढ्याशा जागेत आठ-दहा माणसे कशी झोपली, नळाची रांग कोठे लागे, अभ्यासाला मुले कोणत्या जिन्यात बसत, हे नातवंडांना नुसते सांगून कळणार नाही. १६० चौरस फुटांची खोली या प्रमाणात जेमतेम वीस चौरस सेंटिमीटरची होते. तिच्यात १९ मिलिमीटरची आठ-दहा माणसे निजवून ठेवा, म्हणजे मुलांना सगळे समजेल.

हे काम एकट्याने करण्यासारखे नाही. एका घराने एक मजला करावा, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने अंगण आणि सार्वजनिक नळ. आजी-आजोबांना जवळ बसवून घ्यावे. माप विसरले असतील, पण मोरी कोणत्या हाताला होती आणि मांडणी कोणत्या भिंतीला होती हे ते विसरलेले नसतात. प्रमाण मात्र सर्वांनी एकच ठेवावे, म्हणजे तुकडे जुळतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केले तर दिवाळीपर्यंत एक मजला उभा राहील. मंडळाच्या कार्यालयात किंवा शाळेच्या वर्गात ते मांडावे, अर्धे झालेले असले तरी मांडावे, आणि पाहणाऱ्यांना काय चुकले ते सांगायला लावावे. कोणी म्हणेल, जिना या बाजूला नव्हता. मग तो जिना काढून योग्य बाजूला लावायचा, आणि पुढच्या मजल्याला हात घालायचा.